वरून दिसलेलं कुरण

रोपवेचा पाळणा वरच्या स्टेशनाला टेकला. रेमिगीने आईला, प्लोनीला, उतरवायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"राहू दे रे. सपाट जमिनीवर मला आधार लागत नाही."

पंच्याहत्तर वर्षं ती या डोंगराच्या पायथ्याशी राहिली, पण माथ्यावर कधी आली नव्हती. उन्हाळाभर गवत कापायचं, हिवाळाभर ते गाईंना घालायचं. वर जाऊन नुसतं बघत बसायला सवड कुणाला होती? आज मुलाने हट्टाने आणलं होतं. त्या हट्टामागे काहीतरी आहे हे तिने घरातून निघतानाच ओळखलं होतं. रेमिगी लहानपणापासून तसाच. घरात काही फोडलं, की आधी आईला फुलं आणून द्यायचा.

स्टेशनातच डोंगरी शेतकऱ्यांच्या जुन्या जिण्याचं लहानसं संग्रहालय होतं. रेमिगी एका काचेच्या कपाटापाशी रेंगाळला.

"बघ आई, आपल्याकडच्यासारखाच विळा."

लांब दांड्याचा विळा, शेजारी तळव्याला खिळे ठोकलेले बूट. प्लोनीने काचेला नाक लावलं.

"धार मेलीय त्याची. लोणीसुद्धा कापायचा नाही."

"आई, तो बघायला ठेवलाय." रेमिगीने घसा खाकरला. "एक बोलायचं होतं. यंदाची कापणी शेवटची करू या. रोपवेच्या खालच्या स्टेशनावर मला बारमाही नोकरी देतायत. तुझे गुडघे गेले, माझी पाठ गेली. चार गाईंपुरतं गवत काय, विकतही मिळतं. आणि ते उभ्या चढावरचं कुरण कापलं काय, न कापलं काय, बघतंय कोण?"

त्याचं बोलणं खोटं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती त्या घरात आली, तेव्हापासून सत्तावन्न उन्हाळे तिने त्या उतारावर काढले होते. पाय रोवायचा, विळा फिरवायचा, भारा बांधायचा, उतारावर ताणलेल्या तारेवरून खाली घराकडे सोडायचा. तिथे मेंढीही घसरते. आणि कुणी बघत नव्हतं, हेही खरंच.

'बरं' एवढंच म्हणायचं तिने ठरवलं. पण ते मोकळ्या हवेत म्हणावं, म्हणून ती बाहेर कठड्याकडे चालू लागली.

बाहेर ही गर्दी. हिमशिखरं बघायला आलेल्या लोकांना ढगांनी दगा दिला होता. समोर नुसतं पांढरं. मोकळी होती ती फक्त खालची बाजू, आणि सगळ्यांचे फोन तिकडेच वळले होते.

प्लोनीने खाली वाकून पाहिलं. खाली तिचंच कुरण होतं.

कापताना ते कुरण भिंतीसारखं नाकाशी असायचं. आज ते अख्खं दिसत होतं. काळ्या जंगलाच्या मधून, कड्याच्या ओठापासून थेट घरांपर्यंत उतरत आलेलं हिरवंगार. त्यावर पिवळ्या-निळ्या फुलांची पखरण. तळाशी नखाएवढं तिच्या घराचं छप्पर.

एक तरुण गाइड आपल्या चमूला सांगत होती, "सकाळी आपण पाहिलेला किल्ला माणसांनी बांधला होता. आता हे बघा. याला माणसाचा हात लागलेला नाही. हे निसर्गाचं देणं."

"लागलाय," प्लोनी म्हणाली.

मुलगी वळली. "काय म्हणालात, आजी?"

"हात लागलाय. हे दोन." प्लोनीने पंजे वर केले. "निसर्ग कसला, पोरी? ते मी केलंय. माझ्या आधी माझ्या सासूनं, तिच्या आधी तिच्या सासूनं. कापतो म्हणून फुलं येतात. निसर्ग बघायचाय ना? मग तो शेजारचा झुडपांचा पट्टा बघ. ते आमच्या शेजाऱ्याचं, योस्टचं कुरण. अकरा वर्षांपूर्वी त्यानं विळा खाली ठेवला. न कापलेलं गवत आडवं पडलं, त्यावरून बर्फ घसरला आणि त्याचा गोठा घेऊन गेला. आता तिथं बकरीसुद्धा शिरत नाही."

सगळ्यांचे फोन त्या झुडपांच्या पट्ट्याकडे वळले. मग एका टकल्या गृहस्थाने विचारलं, "खूप उभं आहे का हो ते?"

"जेवून चढलात तर पोटाच्या वजनानं मागं पडाल."

लोक हसले. प्लोनी मात्र ताठ उभी होती. गुडघ्यांची तिला आठवणही राहिली नव्हती.

"चार वर्षं मी सगळ्यांना चुकीचंच सांगत आले," गाइड ओशाळून म्हणाली. "आजी, तुमच्यानंतर हे कोण कापणार?"

रेमिगी पाठीशी उभा आहे हे प्लोनीला ठाऊक होतं. तिने वळून पाहिलं नाही. परक्यांपुढे मुलाला कोंडीत धरणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि खोटं बोलणंही नव्हतं.

"माझ्यानंतर," ती म्हणाली, "कुणी ना—"

"मी," मागून आवाज आला. गर्दीतून वाट काढत रेमिगी कठड्याशी आला. "मी त्यांचा मुलगा. सोमवारी पहाटे सुरू करतोय."

प्लोनी त्याच्या कानाशी पुटपुटली, "आणि नोकरी रे?"

"हिवाळ्यापुरती मागतो. देतील तर देतील."

"लोकांसमोर माझी लाज राखायला बोलू नकोस हं."

रेमिगीने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पन्नाशीच्या त्या माणसाची नजर त्या हिरव्यावरून हलत नव्हती.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "मीही आजच पहिल्यांदा पाहिलं."