उतरा, घाटी आली

इम्तियाज मेकॅनिकने गाडीखाली शिरून धूर गाळणाऱ्या कन्व्हर्टरवर हातोडीची मूठ आपटली. डबा खुळखुळ्यासारखा वाजला.

“ताई, आतली जाळी फुटलीय. धूर अडून गाडीचा श्वास कोंडतोय. नवा घालू.”

सुचेता हरखली. ही जुनी गाडी घेतल्यापासून घराजवळची घाटी आली, की सासू, सासरे आणि नवरा मुकाट्याने उतरायचे. तेव्हा कुठे गाडी कण्हत वर चढायची. सासूबाईंनी तर गाडीची दृष्टही काढली होती.

नवा कन्व्हर्टर बसला. सगळ्यांना घेऊन सुचेता देवळात जाऊन आली. परतताना घाटीपाशी तिचा पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि तिघंही सवयीने उतरली. तिने गिअर टाकला. गाडी एका दमात दारात!

खालून सासूबाईंनी पदर खोचून हाळी दिली, “सूनबाई, आधी खाली आण ती! आज मी चालायची नाही!”