बिनविरोध नागुमो

“तुमचं काय हो नागुमोसान! तुम्ही तर निवडून आल्यातच जमा,” तोफूवाली मोरिता हसत म्हणाली, आणि नागुमो आणखीच खाली वाकले.

प्रचाराचे पांढरे हातमोजे घालून, कर्णा गळ्यात अडकवून ते सकाळपासून चौकात उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला कमरेत वाकून सांगत होते, “मी अडचणीत आहे. खरंच अडचणीत आहे.” मोरिता अकरावी. अकराही जणांनी हसण्यावारी नेलं होतं.

बत्तीस वर्षं ते तोचिहारा गावाच्या पंचायतीवर होते, पण आजवर त्यांना कुणी मत दिलं नव्हतं. द्यायची वेळच आली नव्हती. जागा सहा, उभे राहणारे सहा, दर चार वर्षांनी सगळे बिनविरोध. या खेपेला अर्जाची मुदत संपायला दहा मिनिटं उरलेली असताना हिदाका शिओरी नावाची मुलगी तान्हं बाळ पाठीशी बांधून कचेरीत शिरली, आणि सहाचे सात झाले. आता एक जण पडणार होता.

तेव्हापासून म्हाताऱ्याची झोप उडाली होती. मानापमानाचं त्यांना फारसं नव्हतं. भीती होती ती बसची. शहरातल्या इस्पितळाकडे जाणारी गावची एकुलती एक बस बंद करायचा ठराव मार्चात यायचा होता. बाकीचे पाचही सदस्य बंद करायच्या बाजूचे. नागुमो एकटेच उभे राहून, आरडाओरडा करून दर वर्षी तो पुढे ढकलायला लावत. त्यांची बायको इत्सुए त्याच बसने आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. नागुमोंनी नजर अधू झाल्यावर गाडी चालवणं कधीच सोडलं होतं.

दुपारी सुतार ओगिनो भेटला.

“बर्फानं माझं छप्पर खचलं तेव्हा फावडं घेऊन पहिले तुम्ही आलात. तुम्हाला कोण पाडेल?”

“मग मत मला ना?” नागुमोंनी जीव मुठीत धरून विचारलं.

“अहो, तुम्हाला मतांची काय कमी? मला त्या पोरीची कीव येते. दोन वर्षं झाली येऊन, ना सासर इथं ना माहेर. एकही मत पडलं नाही तर बिचारी गाव सोडून जाईल.”

नागुमोंच्या हातमोज्यांत घाम फुटला.

जेवताना त्यांनी वाटीतल्या भाताला चॉपस्टिकही लावली नाही.

“सगळे म्हणतात, निवांत राहा,” ते म्हणाले.

“मग राहा की निवांत,” इत्सुए म्हणाली. “बत्तीस वर्षं गावाची उठाठेव केलीत. गाव विसरेल होय?”

“इत्सुए, तू तरी...”

“मत गुप्त असतं हो,” ती हसली आणि सूप वाढायला उठली. तिचा हात सुजलेला होता. नागुमोंना तो बघवेना.

रविवारी ते मतदानाला गेले. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव लिहायचं असतं. मोजणीला बसणारे कारकून पंचायतीचेच. बत्तीस वर्षांच्या तक्रारी, अर्ज, सूचनाफलक, सगळं नागुमोंच्या हातचं. त्यांच्या अक्षराचं वळण आंधळ्यानंही ओळखलं असतं. आडोशाला उभं राहून त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि पुन्हा उचलली. मागे कुणीतरी खाकरलं. त्यांनी घाईघाईनं एक नाव लिहिलं, घडी घातली आणि कागद पेटीत टाकला. बाहेर आले तेव्हा थंडीतही सदरा पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात मोजणी झाली. फळ्यावर पहिलं नाव लागलं हिदाका शिओरीचं, एकशे अठरा मतं. मग पाचही जुने सदस्य. शेवटचं नाव लिहिताना कारकुनानं दोनदा कागद तपासला.

नागुमो तोकुजी. एक.

सभागृहात कुणी हललं नाही. मग माना एकेक करून खाली गेल्या. स्वतःचं मत स्वतःलाच द्यावं लागलेल्या माणसाकडे बघायचं तरी कसं? मोरितानं तोंडावर हात दाबला. “मला वाटलं, बाकीचे सगळे देतीलच,” ती पुटपुटली. ओगिनो मागच्या दारानं निसटला.

नागुमोंच्या डोळ्यांपुढे मार्च आला, रिकामा थांबा आला.

इत्सुएनं त्यांची बाही धरली. तिला मान वर करवत नव्हती. “माझं चुकलं,” ती कुजबुजली. “निदान तुम्ही तरी स्वतःला दिलंत.”

नागुमो फळ्यावरच्या त्या एका मताकडे बघत राहिले.

गर्दीतून शिओरी पुढे आली. पाठीवरचं बाळ रडत होतं. ती नागुमोंपुढे इतकी वाकली की तिचं कपाळ जवळजवळ गुडघ्यांना लागलं.

“माफ करा, नागुमोसान,” ती म्हणाली. “स्वतःचंच नाव लिहायची लाज वाटली हो मला. म्हणून मी तुमचं लिहिलं.”