स्वतःचे उदाहरण द्या

एकोणचाळिसाव्या पेपरातही भर उन्हाळ्यात सूट घालणाऱ्या नवरदेवाचंच उदाहरण आलं, तेव्हा हेमांगी मॅडमनी लाल पेन आपटलं. समाजाचं दडपण एरवी दिसत नाही, विरोधात गेलं की जाणवतं, हा समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या दुर्खीमचा सिद्धांत स्वतःच्या उदाहरणानं समजावायचा होता; पोरांनी गाइड जसंच्या तसं उतरवलं होतं.

चाळिसाव्यात मात्र लिहिलं होतं, "बाबा गेल्यावर आईनं कुंकू पुसायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. कुणी काही बोललं नाही. सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. आईनं स्वतःच पुसलं."

मॅडमनी दहापैकी नऊ दिले.

मॉडरेटर सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "व्याख्या नाही, मुद्दे नाहीत. नऊ?" त्यांनी पेपर पुन्हा मॅडमपुढे सरकवला.

"अहो सर, अख्ख्या गठ्ठ्यात सिद्धांत या एकाच पेपरला कळलाय!" मॅडमचा आवाज चढला.

हॉलमधल्या तीस परीक्षकांची पेनं थांबली. सकाळी चहा पिताना यातल्याच निम्म्या जणांनी गाइडच्या नावानं बोटं मोडली होती. आता कुणी काही बोललं नाही. सगळे नुसते बघत राहिले.

मॅडमनी स्वतःच नऊ खोडून चार केले.