शहर पडलं की टिकलं?

"सांगा, शहर पडलं की टिकलं?" मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. सातवीच्या वर्गात अळीमिळी गुपचिळी.

फळ्याशी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंचे कान तापले. महिनाभर त्या मुलांना एक कादंबरी वाचून दाखवत होत्या. जुन्या काळातलं तटबंदीचं शहर, बाहेर शत्रूचा वेढा आणि आत दरवाजाच्या पहारेकऱ्याची पोर. शेवटच्या तासाला रोज एक प्रकरण. तोच वेढा इतिहासाच्या धड्यातही होता. पण परवाच्या चाचणीत 'वेढ्याचा शेवट काय झाला' हा प्रश्न अख्ख्या वर्गाने कोरा सोडला, आणि इतिहासाचे सर तणतणत मुख्याध्यापिकांकडे गेले. गोष्टी ऐकून पोरांचा होता तो इतिहासही गेला म्हणे! म्हणून आज मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या. त्याही मूळच्या इतिहासाच्याच. उत्तर त्यांना एका वाक्यात लागायचं.

बाईंनी आशेने 'पोपट'कडे पाहिलं. एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा हा पठ्ठ्या आज मिठाची गुळणी धरून खिडकीबाहेर बघत होता. अरे, बोल की लेका! ज्यांच्या या तासासाठी सरांशी एवढी भांडले त्यांनीच मला तोंडघशी पाडावं? बाईंना रडूच यायचं बाकी होतं.

"ठीक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या तासाला गणित. कादंबरी बंद."

"मोठ्या बाई, थांबा ना!"

उठली होती चिमणी. हे नाव तिला आवाजावरून पडलेलं. तिचं बोलणं ऐकायचं तर कान लावून बसावं लागे. आज मात्र ते दारापर्यंत गेलं.

"आम्हाला माहीत आहे. सगळ्यांना."

"मग सांगायला काय झालं?"

"तिला अजून माहीत नाही ना." चिमणीने बाईंच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "त्या मुलीला. तिचे बाबा तापाने पडलेत, दरवाजाशी ती एकटीच आहे. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, तिच्या शेजारी उभं राहून बघायचं, पुढचं ठाऊक असलं तरी दप्तरात ठेवायचं. मग आम्ही ठरवलं, पुस्तक संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. म्हणून चाचणीतही नाही लिहिलं. गेले गुण तर गेले."

बाईंना हसावं की रडावं कळेना. आपण असं म्हणालो होतो खरं, आणि नंतर विसरूनही गेलो. कार्ट्यांनी ते वेदवाक्य मानलं होतं!

मोठ्या बाई दारातून मागे वळल्या. मागच्या बाकावर गुडघे आखडून कशाबशा बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा. आजचा तास ऐकते. मग बघू."

बाईंनी पान उघडलं. वाचायला लागल्या. अंधारून आलेलं. मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारावर थाप पडते. बाहेरून म्हातारा, मायाळू आवाज येतो, "पोरी, मी वैद्य. तुझ्या बापासाठी औषध आणलंय. एवढं दार उघड." आत बापाचा श्वास घरघरतोय. शहरातलं औषध कधीच संपलंय. मुलगी उठते. कान देते. अडसरावर हात ठेवते.

बाईंनी पान उलटायला बोट उचललं. वर्गात कुणी हलेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मोठ्या बाई ओरडल्या, "अगं, उघडू नकोस!"