टीव्ही बिघडलाय

चार वर्षांच्या धाकट्या भावाने, मनूने टीव्हीवर काय बघायचं, हे ठरवण्याचा मान दहावीतल्या निशीने हट्टाने स्वतःकडे घेतला होता. मारामारी बंद, नाचगाणी बंद. फक्त प्राणी-पक्ष्यांचा कार्यक्रम, कारण त्याने म्हणे मुलांना प्रश्न पडतात. पण प्रश्न पडायचे ते शेजारच्या चिमुरड्या करुणाला. "निशीताई, सापाला कान नसतात, मग पुंगी कशी ऐकतो गं तो?" पोरीची टकळी सुरू झाली की मनूचं लक्ष उडालंच!

म्हणून त्या रविवारी करुणा दारात आली, तेव्हा निशीने ठोकून दिलं, "टीव्ही बिघडलाय गं." करुणा हिरमुसून गेली. निशीने टीव्हीच्या लाकडी पेटीचं शटर सरकवून टीव्ही लावला, आवाज बारीक केला आणि वळून बघते तर मनू गायब.

तो परत आला तो करुणाच्या बाबांचं, कुंडलिककाकांचं बोट धरून. मानपाड्याच्या कंपनीत वायरमन असलेले काका सुट्टीच्या दिवशी, भरल्या ताटावरून उठून, पेचकस घेऊन आले होते. मागे करुणा. पडद्यावर हत्ती मजेत अंघोळ करत होता.

"ताई, मीच बोलावलं काकांना!" मनू फुशारकीने म्हणाला.

निशी चटकन टीव्हीसमोर येऊन उभी राहिली. "काका, तो... आत्ताच..."

"चालू झाला ना? बरं झालं," म्हणत काकांनीच नजर वळवली. करुणा एव्हाना चपला काढून उंबऱ्याच्या आत आली होती. काकांनी तिला अलगद उचललं.

"चल बाळा. आपल्याला दुरुस्तीला बोलावलेलं, बघायला नाय."