पाहुण्याच्या पलंगावर

तीन नंबरच्या खोलीतली चादर रेश्माने तिसऱ्यांदा ताणून बसवली. उद्या समिती येणार होती. सगळं पसंत पडलं तर हॉटेलला तिसरा स्टार मिळणार होता. पण या खोलीत उतरलेली माणसं जाताना हटकून एकच लिहून जायची, 'खोली स्वच्छ नाही.' मॅनेजर दर वेळी रेश्मालाच बोलायचे आणि कोपरा न् कोपरा पुसूनही तिला चूक काही सापडत नव्हती.

"सातवा लागलाय ना तुला? दोन मिनिटं आडवी हो," यमुनाताई बादली खाली ठेवत म्हणाल्या.

"पाहुण्यांच्या गादीवर? मॅनेजर बघतील!"

"मी उभी आहे दारात. पड मुकाट्यानं."

चपला काढून रेश्मा भीत भीत आडवी झाली. इथल्या नोकरीच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच. कमरेला इतकं बरं वाटलं की डोळे मिटायलाच आले होते, तेवढ्यात तिला दिसलं. पलंगावर लटकणाऱ्या दिव्याच्या शेडमध्ये, अगदी आतल्या बाजूला, कोळ्याचं हे एवढं जाळं! उभ्यानं ते दिसतच नव्हतं. पाहुणे मात्र रोज झोपताना तेच बघत होते.

"ताई, सापडलं!" ती एवढ्यांदा ओरडली की पोटातल्या बाळानंही लाथ मारली.

यमुनाताईंनी कुंचा आणून जाळं काढलं. "झालं समाधान? ऊठ आता, महाराणी."

"उठतेय, उठतेय!" पोटावर हात ठेवून रेश्मा हसली. "चला पटकन. अजून अकरा खोल्यांत आडवं व्हायचंय आम्हा दोघांना."