शिष्टरबाईले देलेलं बी

पासष्ट साल. धामणगाव बढ्याजवळची बरड टेकडी. औषधाच्या रिकाम्या बाटल्या. मूठभर वांग्याचं बी.

दोन दिवस अडलेली सून टेकडीवरच्या मठातल्या सिस्टर आग्नेसनं सुखरूप सोडवली, तेव्हा शालूबाईनं पदराची गाठ सोडून आपल्या घराण्याचं बी तिच्या ओंजळीत घातलं. तशी वांगी बाजारात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. शालूबाईचं घर त्यांवरच चालायचं.

आणि आज तेच बी तिला शेजारच्या वच्छलाबाईच्या हातात दिसलं, मठाच्या दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीत. ती तरातरा टेकडी चढली. सहा सिस्टरांनी दगड वेचून, बांध घालून तिथं मळा उभा केला होता. आग्नेस वाफा खणत होती.

"म्या तुमाले देल्लं होतं शिष्टरबाई, गावाले वाटाले नाई!"

आग्नेस गोंधळली. "आमच्यात कुणी स्वतःचं म्हणून काही ठेवत नाही हो. मिळालं ते सगळ्यांचं. मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय."

"मंग तुमच्या वाफ्यात किती लावलं?"

"वाटून उरलंच नाही."

शालूबाई त्या रिकाम्या वाफ्याकडे बघत राहिली. मग मागोमाग धापा टाकत आलेल्या वच्छलाबाईवर खेकसली, "अवं, ओल्या बाटलीत बी ठेवतेत काय? राख लाव त्याले, नाईतं कीड खाईन!"

पोटच्या लेकीनं लग्नात हेच बी मागितलं होतं. शालूबाईनं दिलं नव्हतं.